सेंट अँड्र्यूजला तू बंद केलेला नळ

शिवा, न सांगता निघून जायची ही तुझी पहिलीच वेळ. एरवी अर्ध्या दिवसासाठी आष्टीला जायचं असलं तरी तू डेअरीच्या फळ्यावर खडूनं लिहून ठेवायचास, की सचिव बाजाराला गेलेत, तीन वाजता येतील. त्या दिवशी फळ्यावर नुसते फॅटचे आकडे होते. सकाळचं दूध घेऊन झालं, तू टेबलावर डोकं टेकलंस आणि लोकांना वाटलं, जरा डोळा लागला असेल. पस्तीस वर्षं पहाटे चारला उठणाऱ्या माणसाबद्दल असं वाटणारच. म्हणून कुणी तुला हलवलं नाही.

तुला माती दिली तेव्हा मी विमानात होतो. समोरच्या पडद्यावर विमानाचं चित्र समुद्रावरून सरकत होतं आणि ते इतकं हळू का सरकतंय म्हणून मी त्याच्यावर चिडत होतो. आज अकरावा दिवस. तुझ्याच ओसरीत बसून लिहितोय. सुमनवहिनींनी चहा आणून ठेवलाय, बिनसाखरेचा. मला साखर चालत नाही हे एवढ्या दुःखातही त्यांच्या लक्षात राहिलं, आणि तेवढ्यानंही माझे डोळे भरून येतात. या वयात हे असं होतं, हसू नकोस.

परवाच्या शोकसभेत तुझ्याबद्दल चांगलं बोलायची चढाओढ लागली होती. तालुक्याच्या एका पुढाऱ्यानं तुला 'सहकाराचा दीपस्तंभ' म्हटलं. तू शेजारी असतास तर माझ्या बरगडीत कोपर मारून म्हणाला असतास, "दीपस्तंभ काय बे, आपल्याकडं समुद्र कुठं हाय?" सख्ख्या चुलत्याच्या दुधात पाणी निघालं म्हणून तू ते परत केलं होतंस, हेही कुणीतरी सांगितलं. मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मी उभा राहिलो, माइक हातात घेतला, आणि घसा बसलाय असं सांगून खाली बसलो. घसा ठणठणीत होता. मला जे बोलायचं होतं ते सभेत बोलायचं नव्हतं.

ते इथं लिहितो. पण तुझ्यासारखं थेट मुद्द्यावर यायला मला जमत नाही, तेव्हा जरा लांबून येतो.

गोल्फ मी चाळिशीत शिकलो, तोही नाइलाजानं. स्कॉटलंडात अॅबर्डीनला तेलाच्या कंपनीत जाऊन चार वर्षं झाली होती. शेजारचा जॉर्ज, निवृत्त बसड्रायव्हर, दर रविवारी दार वाजवून विचारायचा, येतोस का? माझ्या सबबी संपल्या तेव्हा गेलो. माझ्या डोक्यात गोल्फ म्हणजे कलेक्टर, कर्नल नाहीतर सिनेमातला खलनायक. तिथं पाहतो तर प्लंबर, शाळामास्तर, दवाखान्यातल्या नर्सबाई, सगळे आपापल्या काठ्यांच्या पिशव्या ओढत चाललेले. हे तुला फोनवर सांगितलं, तेव्हा तू सगळं नीट विचारून घेतलंस.

"म्हंजी जमिनीत गल केलेली असती, आन् लांबून मारून तिच्यात घालायचं?"

"हो."

"मंग त्यात नवीन काय हाय बे? गोट्याच की. एवढं शिकून तू परत तिथंच आलास."

तेव्हापासून दर रविवारी सकाळचा खेळ उरकला की मी तुला फोन करायचो. आपल्याकडं चार-पाच वाजलेले असायचे. तू शटर उघडून वजनकाटा पुसत बसलेला असायचास, आणि फोन स्पीकरवर टाकून काट्याशेजारी ठेवायचास. किटल्या घेऊन आलेली माणसं बांधावर बसून गप्पा ऐकाव्यात तशी निवांत ऐकायची. या खेळात ज्याचे टोले कमी तो जिंकतो, हे तू सगळ्यांना शिकवलं होतंस. दूध घालायला येणाऱ्या कौसाबाईंना ते शेवटपर्यंत पटलं नाही. "कमी मारल्यावर जिंकतंय? मंग घरीच बसावं की, एकबी मारायला नको."

कार्नूस्टीला एक ओढा मैदानातून इतक्यांदा वळून येतो, की चुकवावा तरी कुठं? मी तिथं चार चेंडू बुडवले. तू लगेच जाहीर केलंस, "सिध्यानं आज ओढ्यात चार चेंडू घातलं." मागून कुणीतरी विचारलं, "ओढ्याला पाणी हाय का पण?" "हाय म्हणतोय." "मंग बुडू द्या." नॉर्थ बेरिकला एका हिरवळीच्या, म्हणजे गलीभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, पुढ्यातच जुना दगडी बांध आहे. माझा चेंडू त्याला लागून माझ्याच पायाशी परत आला, तर तुझं म्हणणं, "बांधावरून भानगड तिथंबी हायच म्हण की." ट्रूनला एक हिरवळ एवढीशी आहे, की लोक तिला टपालाचं तिकीट म्हणतात. त्या तिकिटावर मी पहिल्याच फटक्यात चेंडू ठेवला. आयुष्यात आपल्याला काहीतरी नीट जमलं असं त्या दिवशी वाटलं, आणि ते सगळ्यात आधी तुला सांगितलं. बायकोला घरी गेल्यावर. ती अजून त्यावरून बोलते.

आपलं भांडण मात्र एकच होतं आणि ते काही मिटलं नाही. मी तुला सांगितलं होतं, की ही जुनी मैदानं मुळात समुद्रकाठच्या रेताड, पडीक जमिनीवर झाली. तिथं काही पिकायचं नाही, मेंढ्या चरायच्या. तू खूश. "म्हंजी जिथं काईच येत न्हाई तिथं ह्यांनी खेळ काढला. मंग आपल्या तालुक्यात अशी पन्नास व्हतील!" आणि लगेच पुढचा प्रश्न, "हिरवळीला पानी किती लागतं रे?" मी टाळायचो. म्हणायचो, इथं पाऊस फुकट पडतो. "फुकट न्हाई पडत, सिध्या. कुणाच्या तरी वाटचा पडतो." मग मी तुला अडाणी म्हणायचो, तू मला सायेब म्हणायचास, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तिथूनच सुरुवात. आज तुझं म्हणणं मला पटतं की नाही, ते मला खरंच सांगता येत नाही. पण भांडायला समोर कुणी नसेल तर आपल्या बाजूला तरी काय चव राहते?

मग तो दुष्काळ आला. आधीही येऊन गेले होते, पण त्या साली दावणी ओस पडल्या. ऊसतोडीवरून परतलेली माणसं घरी न जाता जनावरं घेऊन थेट चारा छावणीवर गेली. डेअरीचं दूध आटत आटत दोन कॅनवर आलं. संचालकांचं म्हणणं पडलं, पाऊस होईस्तोवर बंद ठेवू. तू ऐकलं नाहीस. "एक किटली आली तरी काटा मांडायचा. एकदा शटर खाली गेलं की परत वर व्हत न्हाई." सकाळ-संध्याकाळ डेअरी आणि मधला सगळा दिवस छावणी. संस्थेनंच चालवलेल्या त्या छावणीत पाण्याच्या टाकीचा नळ तू स्वतःकडे घेतलास. आठ महिने त्या नळाला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. टँकरवाला पाइप काढताना चार थेंब सांडायचा, तर तू खाली घमेलं धरायचास आणि ते वासरांपुढं ठेवायचास. रविवारी फोनवर तुझा आवाज बसलेला असायचा आणि तरी तू विचारायचास, "आज कुठं खेळलास?" मला सांगायची लाज वाटायची. मी सांगायचो तरीही, कारण तू ऐकायला थांबलेला असायचास.

पुढच्या वर्षी मी तुला हट्टानं तीन आठवडे बोलावून घेतलं. म्हटलं, या माणसानं जरा पाय पसरून बसावं. नेमकी त्या साली स्कॉटलंडमध्येही पावसानं ओढ दिली होती.

सेंट अँड्र्यूजचं जुनं मैदान म्हणजे या खेळाचं मूळपीठ. तिथं माझ्यासारख्या हौशी माणसालाही खेळता येतं, पण दोन दिवस आधी चिठ्ठ्या काढतात, त्यात नाव निघावं लागतं. कितीतरी वर्षं माझं निघत नव्हतं. तू आलास आणि चौथ्या दिवशी निघालं. "माझा पायगुण," तू म्हणालास आणि दिवसभर मिरवलंस.

आम्ही चौघं खेळणार होतो. मी, जॉर्ज, आणि अमेरिकेतून आलेले एक डॉक्टर नि त्यांचा जावई. तू सोबत चालणार होतास. अंगात माझं जाकीट, डोक्यावर तुझी पांढरी टोपी. समोर ते जगभर गाजलेलं मैदान उन्हानं पार करपून पडलं होतं. फक्त हिरवळी तेवढ्या पाणी घालून जगवलेल्या. तू बराच वेळ बघितलंस. "सिध्या, हे तर आपलं माळ हाय बे! ह्याच्यासाठी इमानात बसवून आणलंस व्हय?" मी ते सगळ्यांना इंग्रजीत सांगितलं. जॉर्ज इतका हसला, की त्याचा पहिलाच चेंडू भलतीकडं गेला.

फटक्यानं मातीचं ढेकूळ उडालं की ते उचलून जागच्या जागी बसवायचं आणि पायानं दाबायचं, असा तिथला रिवाज आहे. हे मी तुला एकदाच सांगितलं. त्यानंतर माझी, जॉर्जची, डॉक्टरांची, सगळ्यांची ढेकळं तूच बसवत होतास, रोप लावावं तसं. डॉक्टर मला म्हणाले, असा सोबती सगळ्यांना मिळावा. मला किती बरं वाटलं, काय सांगू.

सातव्या हिरवळीवर एक माळी रबरी पाइपनं पाणी देत होता. आम्ही आलेलो पाहून त्यानं पाइप कडेच्या गवतात टाकला आणि तो पलीकडं आपल्या गाडीकडं गेला. पाइप चालूच होता. पाणी उतारानं वाळूच्या खड्ड्यात चाललं होतं. इकडं डॉक्टर शेवटचा हलका फटका मारायला वाकले होते. अशा वेळी तिथं कुणी हलत नाही, खोकतसुद्धा नाही, आणि चेंडूच्या वाटेवर पाय ठेवणं म्हणजे महापाप. तू सरळ त्या वाटेवरून चालत हिरवळ ओलांडलीस, गवतात गुडघ्यावर बसलास, पाइपचा नळ फिरवलास आणि बंद केलास. मग ओल्या हातानं टोपी सारखी करत आमच्याकडं बघून हसलास. एखादं काम नीट झाल्यावर हसतोस तसा.

डॉक्टरांचा फटका चुकला. ते रागावले नाहीत. काठी टेकवून त्यांनी मला फक्त विचारलं, "तुमचे मित्र का हे?"

मी म्हणालो, "नाही, नाही. गावाकडचा एक माणूस आहे. यांना सवय नसते."

आणि तुझ्याकडं वळून मराठीत ओरडलो, "तुला कुणी सांगितलं होतं हात लावायला? गुमान बाजूला उभं राहता येत नाही?"

तुला इंग्रजी बोलता यायचं नाही, पण समजायचं. जिल्ह्याच्या दूध संघाकडून येणारी इंग्रजी पत्रं तूच सगळ्या गावाला वाचून दाखवायचास. तुझं हसू गेलं, पण एकदम गेलं नाही. ते तोंडावर तसंच थोडा वेळ राहिलं, आणि मग तू मान खाली घातलीस. माळी परत आला, त्यानं नळाकडं पाहिलं, तुझ्याकडं पाहिलं, आणि टोपीला बोट लावून तुला थँक्यू म्हणाला. पाणी वाया गेलेलं त्यालाही आवडत नसणार. त्या माणसाला जे दोन क्षणांत कळलं, ते मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणूनच मी दुसरीकडं बघितलं.

अठरांतल्या उरलेल्या अकरा गलींना तू आमच्या मागं पन्नास पावलं चाललास. ढेकळं मात्र बसवत होतास. शेवटच्या टप्प्यावर एक जुना दगडी पूल आहे, तिथं सगळेच फोटो काढतात. जॉर्जनं तुला हाका मारल्या. "तुमी काढा, मी हितंच बरा," तू म्हणालास. मी त्या दिवशी पहिल्यांदा शंभर टोल्यांच्या आत आलो. आयुष्यातला माझा सगळ्यात चांगला खेळ. जॉर्जनं पाठ थोपटली आणि मी टोल्यांचं कार्ड कुणाला न दाखवता खिशात घातलं.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला ते आज माझ्या तोंडानं सांगू दे. आपण चौथीत होतो. तेव्हाही दुष्काळच होता आणि शाळेचा हौद आटला होता. मधल्या सुट्टीत तू मला तुमच्या किराणा दुकानात नेलंस. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. घरात बुद्धाची तसबीर होती, वडील मास्तर होते, तरी गावातल्या दुकानात आम्हाला पाणी मिळायचं ते वरून ओंजळीत. तुझे आजोबा, आप्पा, गल्ल्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, "ह्यो कोण?" तू माठात तांब्या बुडवलास, अर्धा प्यालास, उरलेला तांब्या माझ्या हातात दिलास आणि म्हणालास, "माझा दोस्त हाय." आप्पांनी तुला लाकडी पट्टीनं मारलं. दुसऱ्या दिवशी तू मला परत घेऊन गेलास आणि परत मार खाल्लास. तिसऱ्या दिवशी आप्पांनी काही विचारलं नाही.

नऊ वर्षांच्या पोरानं जे मार खाऊन सांगितलं, ते मला पन्नाशीत एका अनोळखी डॉक्टरला सांगता आलं नाही. तिथं मला कुणी मारणारही नव्हतं.

तू गावी परतलास आणि पहिल्याच रविवारी फोन उचललास, "कावून बे, आज उशीर?" तोच आवाज, मागं त्याच किटल्या. मी समजलो, तू विसरलास. सोयीचं असलं की माणूस लवकर समजतो. त्यानंतरच्या सात वर्षांत मी तीनदा गावी आलो. एकदा तर नांदूरघाटच्या लग्नाला आपण दोघंच जीपनं गेलतो, जाता-येता पाच-सहा तास. तेव्हा सांगता आलं असतं. मी तुला आयर्लंडमधल्या मैदानांचं वर्णन करत बसलो. येताना तूही काहीतरी बोलायला लागलास आणि थांबलास. मी विचारलं, काय रे? "काई न्हाई. हिरीवरची मोटार बंद करून आलो का न्हाई, ते आठवत हुतो." मला ते खरं वाटलं. तू असल्याच गोष्टी आठवत बसायचास.

काल दुपारी वहिनी इथंच ज्वारी निवडत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांचं एक काम राहिलंय तुमच्यापाशी."

"कसलं?"

"तिकडं तुमच्या खेळाच्या जागी ह्यांनी कुणाचा तरी नळ बंद केलता म्हणं. चारचौघांत तुमची मान खाली गेली. लई मनाला लावून घेतलतं त्यांनी. म्हणायचे, सिद्धार्थनं येवढ्या मानानं नेलं आन् मी त्याची इज्जत घालवली. त्याची माफी मागायची हाय, पन फोनवर न्हाई, समोर बसून. तुमी गावाला आलात की मी आठवण द्यायचे. तर म्हणायचे, आज नको, आज लई खुशीत हाय तो."

सुपातल्या ज्वारीतून त्यांचा हात फिरतच होता. मी त्यांना सगळं सांगितलं. डॉक्टरांनी काय विचारलं, मी काय म्हणालो, कसा म्हणालो. एक शब्द गाळला नाही. अर्ध्यावर त्यांचा हात थांबला. माझी अपेक्षा होती, की त्या म्हणतील, जाऊ द्या भाऊजी, हुतं असं. आपल्याकडं गेलेल्या माणसाच्या घरी सगळं जाऊ देतात.

वहिनींनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "हे त्यांना सांगायला पायजे हुतं, भाऊजी. सात वर्सं त्यांनी सोताला दोष दिला." आणि सूप उचलून आत गेल्या.

त्यांनी मला माफ केलं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. तो अधिकार तुझा होता.

म्हणून ऐक, शिवा. तुझ्यामुळं माझी इज्जत कधी गेली नाही. पाणी वाया चाललं होतं, तू ते थांबवलंस, बस्स. आठ महिने एका नळाशी उभा राहिलेला माणूस दुसरं काय करणार? चुकलो मी. त्या तिघांच्या बरोबरीनं आपण उभे आहोत असं मला तेव्हा नुकतंच कुठं वाटायला लागलं होतं, आणि तुझ्याकडं पाहून मी कुठून आलो ते त्यांना कळेल, याची मला भीती वाटली. मी जिथून आलो तिथं माझ्यासाठी उभा राहणारा पहिला माणूस तूच होतास, आणि मी तुलाच पुसून टाकलं. तू त्या मैदानावर मान खाली घातलीस ती माझ्या वाटची होती. मला माफ कर. मी हे जीपमध्ये बोलायला हवं होतं, या ओसरीत बोलायला हवं होतं. तुझा हात धरून बोलायला हवं होतं.

डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर 'हो' असं होतं, शिवा. चौथीपासून तेच होतं.